सातपुड्यातले अनुभव: होळीच्या फोटोत न दिसणारे कपडे

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुवा, मोलगी, तोरणमाळ या भागात राहिलेल्यांनी, तिथे काम केलेल्यांनी किंवा तिथलेच असलेल्यांनी लिहावं. काठी गावच्या होळीतले मोरपिसांचे टोप सगळ्यांनी पाहिलेत. उरलेलं वर्षभर लोक काय घालतात, काय करतात, ते येऊ द्या.

शिक्षक, धडगाव तालुका
रुजू झालो तेव्हा गाव सापडेना. पाड्यावर प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, कुडाच्या भिंतींचं, हाकेच्या अंतरावर. पटावरच्या पोरांना शोधत डोंगर चढताना माझे नवे बूट तीनदा घसरले. पुढे इथल्या पावरा या आदिवासी जमातीची एक बाई, डोक्यावर पाण्याचे दोन हंडे. घागऱ्याचा घेर वर खोचलेला, पाय अनवाणी. वळून म्हणाली, "सर, बूट काढा." काढले, आणि पोचलो. थंडीत पोरं गणवेशावर आईची ओढणी मानेमागे गाठ मारून यायची. सुरुवातीला मी ती सोडायला लावायचो. आता लाज वाटते.

परिचारिका, नर्मदाकाठ
सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे काठावरच्या पाड्यांना रस्ता नाही, म्हणून आमचा दवाखाना बोटीवर. एका गरोदर बाईचं वजन महिन्याभरात सव्वा किलोने उतरलेलं दिसलं. मी घाबरले, खाणं विचारलं, तर ती हसायला लागली. मागच्या खेपेला गळ्यात नि पायात चांदी होती. मधल्या काळात नवऱ्याबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जायचं ठरलं आणि वाटखर्चासाठी चांदी गहाण पडली. तेव्हापासून मी वहीत वजनापुढे 'चांदीसह' किंवा 'चांदीविना' लिहिते. डॉक्टरसाहेब आधी हसले, मग तेही विचारू लागले.

मूळचा अक्कलकुवा तालुक्यातला, आता नाशिकला नोकरी
टोपांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. त्याला 'वेशभूषा' म्हणतात तेव्हा मला खटकतं. मी नवसाचा बुध्या, म्हणजे नवस फेडायला होळीत नाचणारा, होतो. अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर टोप, कमरेला घुंगरं नि सुके दुधी भोपळे. पाऊल टाकलं की भोपळे एकमेकांवर आपटतात आणि दोन दिवसांनी कंबर सोलून निघते. पालनी पाळायची म्हणजे खाटेवर झोपायचं नाही, बाईचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. घरी माझी याहा, म्हणजे आईसुद्धा, पाण्याचा तांब्या लांबून ठेवायची. रात्रभर नाचून पहाटे होळी पेटते. एकदा नेमक्या त्या वेळी एक पाहुणा कॅमेरा घेऊन म्हणाला, "परत एकदा उडी मार ना." नाही मारली.
बाकी वर्षभर? पँट आणि बाजारातला टी-शर्ट. आजोबा मात्र शेवटपर्यंत लंगोटी नि सदऱ्यावर होते.

विद्यार्थिनी, पुणे
आम्ही पावरा. कॉलेजात 'ट्रॅडिशनल डे'ला मैत्रिणी म्हणाल्या, तुझं ते आदिवासी घालून ये. मी जीन्स घालून गेले. आईचा चांगला घागरा एकच, तो पुण्यात आणून चिखलात लोळवायचा? आमचा नटण्याचा दिवस भोंगऱ्या, होळीआधीचा बाजार. आमच्या टोळीतल्या सगळ्या मुली एकाच थानातलं कापड घेतात, शिंप्याकडे आठ दिवस आधीच रांग. मागच्या वर्षी आम्ही सहा जणी पोपटी रंगात होतो. गर्दीत हरवलं तरी सापडतो! आजीच्या गोंदणाची नक्षी मात्र मला हवी होती. आजीच म्हणाली, "नको गं, फार दुखतं."

परिचारिका (पुन्हा)
बूट काढण्यावरून आठवलं. बोटीतून उतरताना साडी आवरेना, तेव्हा बायांनी मला काष्टा घालायला शिकवलं. अजून तसाच घालते.

धडगावला माहेर असलेली
नटण्याचं झालं, आता डागांचं. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे सगळं घर आमचूर करतं. कैऱ्या सोलायच्या, फोडी करायच्या, उन्हात वाळवायच्या, व्यापाऱ्याकडे घालायच्या. कैरीचा चीक कपड्यावर पडला की काळा डाग, कशाने जात नाही. म्हणून त्या दोन महिन्यांचं लुगडं वेगळं. पहिल्या उन्हाळ्यात सासरहून नवी साडी नेसून गेले आणि हौसेनं कैऱ्या सोलायला बसले. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिचं डागाळलेलं लुगडं माझ्या उशाशी घडी करून ठेवलेलं होतं.