मदत हवी आहे: चॅनेलचं वेळापत्रक आणि ओटीटीची यादी एकाच ठिकाणी कशी आणायची?

ओटीटीपुरता प्रश्न बराचसा सुटतो. जस्टवॉचमध्ये (कोणता चित्रपट कोणत्या सेवेवर आहे ते दाखवणारी साइट) आधी देश बरोबर निवडायचा, मग फक्त आपल्याकडे असलेल्या सेवांवर खूण करायची आणि 'भाड्याने' व 'विकत' हे पर्याय काढून टाकायचे. देश चुकला की यादीच चुकते, कारण प्रसारणाचे हक्क देशागणिक वेगळे असतात.

खरी अडचण टीव्ही चॅनेलची आहे. ट्यूनरकडून (टीव्हीचा सिग्नल पकडणारं उपकरण) येणारं वेळापत्रक टीव्हीहेडएंडमध्ये (ट्यूनरवरचे चॅनेल घरातल्या इतर उपकरणांना पुरवणारं सॉफ्टवेअर) नीट दिसतं, कोडी या मीडिया प्लेअरमध्येही दिसतं. डीव्हीबी (डिजिटल टीव्हीचं एक मानक) प्रक्षेपणात वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत येते. तेच वेळापत्रक एक्सएमएलटीव्ही (टीव्ही वेळापत्रकासाठीचा फाइल प्रकार) फाइलमधून घेतलं आणि वेळेपुढे यूटीसीपासूनच्या फरकाचा आकडा (उदा. +०१००, म्हणजे एक तास पुढे) नसला, तर सगळे कार्यक्रम पुढेमागे सरकू शकतात. हे दुरुस्त करता येतं. चॅनेलचा आयडी जुळत नसेल तर रकाना रिकामा राहतो, तेही हाताने जोडता येतं.

अडतं ते नावांवर. वेळापत्रकात बहुतेकदा नुसतं शीर्षक असतं, वर्ष नसतं. एकाच नावाचे दोन-तीन चित्रपट असले की टीएमडीबीवर (चित्रपट-मालिकांची ऑनलाइन माहितीसूची) शोधताना भलताच सापडतो. लिप्यंतर वेगळं असेल तर काहीच सापडत नाही. मालिकांमध्ये भाग क्रमांक गाळलेला असतो, त्यामुळे पाहिलेला भाग पुन्हा 'नवीन' म्हणून येतो.

शीर्षकासोबत कालावधी आणि कलाकारांची नावं ताडून योग्य टीएमडीबी क्रमांक (तिथे प्रत्येक चित्रपटाला असतो तो) लावणारं एखादं साधन कुणी वापरतंय का? स्वतःची स्क्रिप्ट असेल तर कालावधीत किती मिनिटांची सूट ठेवता? जाहिरातींमुळे चॅनेलवरची वेळ बहुतेकदा जास्त भरते, म्हणून नेमका आकडा हवा आहे.