मदत हवी आहे: अमळनेरमधलं जुनं धाब्याचं (सपाट मातीच्या छताचं) घर घ्यावं का?

नमस्कार मंडळी. चार महिन्यांपासून अमळनेर-पारोळा भागात जुनं घर शोधतोय. पहिलं आवडलं, पण गल्लीत रिक्षासुद्धा शिरेना. दुसऱ्याचा सौदा ठरला. इसार द्यायला गेलो तर मालकाने 2 लाख वाढवले.

आता तिसरं. मातीचं धाबं, सागाचे खांब, हातभर जाड भिंती. भर मे महिन्यात दुपारी आत गेलो आणि बाहेरच्या उन्हाचा विसर पडला. आई तर ओसरीवर बसली ती उठायलाच तयार नव्हती! पण मागच्या खोलीत दोन कड्यांना (छताखालच्या आडव्या लाकडांना) वाळवी लागलीय, कोपऱ्यात पाणी झिरपल्याचे ओघळ आहेत.

खरी अडचण कागदांची. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून मालकाच्या वारलेल्या आजोबांचंच नाव. वारस पाच, त्यातल्या आत्या सुरतला. त्या सही देतील असं बाकी सगळे सांगतात, त्या स्वतः काही बोलत नाहीत. वकील म्हणतात, आधी वारस नोंद, मग 30 वर्षांचा सर्च (घराच्या जुन्या व्यवहारांची तपासणी) आणि पेपरात जाहीर नोटीस.

इसार आत्ता द्यावा की वारस नोंदीनंतर? आणि धाबं तसंच ठेवून फक्त कड्या बदलणारा मिस्त्री कोणाच्या ओळखीत आहे का? स्लॅब टाकायचा सल्ला नको, तो घरी रोज मिळतोय.