मदत हवी आहे : घरच्या लॉनसाठी मल्चिंग लॉनमोअर, वायरचा की बॅटरीचा? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

इंदुरात आमचं जुनं घर आहे, पुढे 60 बाय 30 फुटांचं लॉन. गवत म्हणजे आपली हरळीच, इथे सगळे दूब म्हणतात. कडेला एक कडुनिंब. आजवर बाबा हातानं ढकलायचं रुळाचं मशीन चालवत. ते अजूनही झकास कापतं, पण बाबा आता 74 चे आणि मी आळशी.

खरा त्रास कापण्याचा नाही, कापलेल्या गवताचा आहे. पावसाळ्यात आठवड्याला दोन पोती निघतात आणि ओल्या कचऱ्याचा डबा त्यातच भरतो. मागच्या आठवड्यात एक पोतं बांधून पडवीत ठेवलं आणि विसरलो. तिसऱ्या दिवशी आत हात घातला तर भाकरीच्या टोपल्यासारखं गरम! वास असा, की आईनं विचारलं, "म्हैस कधी आणलीस?"

म्हणून मल्चिंगवाला लॉनमोअर घ्यायचं डोक्यात आहे, म्हणजे गवत बारीक करून तिथल्या तिथे टाकणारा. दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, "भिया, सब में मल्चिंग आती है." मशीन आडवं करून पाहिलं तर साधं सपाट ब्लेड, आणि मागचं झाकण बंद केलं की झालं मल्चिंग. हे खरं का? वायरचा घ्यावा की बॅटरीचा? पेट्रोलचा नको, शेजारी दुपारी झोपतात. बाबांचं म्हणणं, कापलेलं तसंच टाकलंस तर वर थर बसून लॉन कुजेल. त्यांना काय सांगू?

बडोदेकर काका

दुकानदार अर्धं खरं बोलला. झाकण बंद केलं की गवत बाहेर फेकलं जात नाही, पण आत फिरत राहून पुन्हा कापलं जायला वरचा डबा खोलगट हवा आणि ब्लेड वळणदार. खऱ्या मल्चिंग ब्लेडला कापायची धार जास्त लांबीची असते. ते गवत वर उचलतं, दोन-तीनदा कापतं आणि मगच खाली सोडतं. शिवाय मागचं तोंड बंद करायचा बूच वेगळा मिळतो. तो आणि ब्लेड दोन्ही दाखवायला सांगा.

रुळाचं मशीन कात्रीसारखं कापतं, म्हणून काप स्वच्छ येतो. मल्चिंग मात्र त्याला जमणार नाही.

माझ्याकडे 1600 वॅटचा वायरवाला आहे. तुमच्याएवढ्या लॉनला मी तोच सुचवीन. गवत दोनदा कापायचं म्हणजे मोटरवर ताण जास्त. बॅटरीचा हिशोब स्वतःच करा : 36 व्होल्ट, 4 अँपिअर-अवर म्हणजे 144 वॅट-अवर. मोटर 700 वॅट ओढायला लागली तर बारा मिनिटांत खेळ संपला. वायर लांब लागली तर अडीच चौरस मिलिमीटरची, अर्थिंगसकट घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला असू द्या. मशीनखाली हात घालण्याआधी प्लग काढायचाच. पाऊस पडत असताना किंवा गवत ओलं असताना वायरचं मशीन हातात धरायचं नाही.

ग्वाल्हेरवाली

काकांशी सहमत, पण पावसाळ्यात मल्चिंगकडून फार आशा ठेवू नका. ओलं गवत डब्याला आतून चिकटतं आणि मग लॉनवर हिरवे गोळे पडतात, शेणाच्या पोंसारखे. गोळे तसेच राहिले तर खालचं गवत पिवळं पडतं. म्हणून मल्चिंग आणि कापलेलं गवत गोळा करायची पिशवी, दोन्ही सोय असलेलं घ्या. तुमच्याकडे काळी माती असणार. ती ओली असताना चाकं रुततात आणि मातीही दबते. दोन दिवस उघडीप मिळाली की दुपारी कापा.

उंचीचं पथ्य मशीनपेक्षा महत्त्वाचं आहे. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. 4 सेंटिमीटर ठेवायचं असेल तर 6 झालं की मशीन काढा. वीतभर वाढू देऊन मल्चिंग केलंत तर बाबांचं म्हणणं खरं ठरेल!

एरवी मात्र त्यांची भीती अनाठायी आहे. हिरव्या पात्यांत बहुतेक पाणीच असतं, बारीक तुकडे लवकर जिरतात. थर बसतो तो मुळं आणि आडव्या खोडांचा. उलट लॉनला लागणाऱ्या नत्राचा साधारण पाव हिस्सा यातून परत मिळतो, तेवढा युरिया कमी घाला. कडुनिंबाची पानगळ सुरू झाली की सुका पालाही यातच बारीक होतो. आणि बॅटरीवालाच घेतलात तर थंडीत हरळी थांबते तेव्हा बॅटरी अर्धी भरलेली ठेवा.

खतवेडा

अहो इंदूरकर, पोत्यात गवत तापलं म्हणून घाबरता काय? इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी तुमच्याच गावात, 1924 ते 1931 मध्ये, इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत असंच तापवून खत केलं. 'इंदूर पद्धत' म्हणून ते खत जगभर गेलं. तुमचं फक्त बांधलेल्या पोत्यात हवेअभावी सडलं. पावसाळ्यातली ती दोन पोती सुका पाला, थोडं शेण यांच्याबरोबर थरांत रचा आणि अधूनमधून खालीवर करा, वास येणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. वायरवाला, पिशवी आणि बूच दोन्ही असलेला, असं ठरलं. बाबा एका अटीवर तयार झाले : तुळशीसमोरचा पट्टा रुळाच्या मशीननंच कापायचा. आता शेवटचं, ब्लेडला धार घरी लावता येते का?

बडोदेकर काका

येते. कानस घ्या, मूळ कोनातच घासा. मग मधलं भोक भिंतीतल्या खिळ्यात अडकवून ब्लेड आडवं सोडा. जी बाजू खाली झुकेल ती अजून थोडी घासा. तोल चुकला तर मशीन हातात थरथरतं आणि बेअरिंग जातं.