टोकियोत तीन वर्षं: बॅगेत काय भरायचं, तिथलं काय उचलायचं?

गोडामसाला:
ऑक्टोबरपासून टोकियोत निशी-कासाईच्या बाजूला राहायचं आहे. दोघंच. एक मासे-चिकन खाणारी, एक पक्का शाकाहारी (अंडंही नाही, दूध-दही चालतं). त्या भागात भारतीय वाणसामानाची दुकानं आहेत हे माहीत आहे, तेव्हा 'सगळं मिळतं, काळजी नको' एवढंच उत्तर नको. जपानी सुपरमार्केटातलं कोणतं सामान आपल्या स्वयंपाकात खरंच चालतं आणि कोणतं दिसायला तेच पण पातेल्यात गेल्यावर दगा देतं? जपानी पदार्थांपैकी मराठी जिभेला काय रुचतं, कशाचं उगाच कौतुक आहे? आणि शाकाहारी माणसाने बाहेर काय खायचं? मतं बिनधास्त द्या, पण का ते सांगा.

भाकरतुकडा:
तांदळापासून सुरुवात करा, कारण तिथे काही अडत नाही. जपानी तांदूळ आखूड आणि चिकट. बासमतीवाल्यांना तो गिचका वाटतो, इंद्रायणी खाणाऱ्याला घरचाच. वरणभात, दहीभात, मेतकूटभात यांना उत्तम. आंबेमोहोराचा वास मात्र त्याला नाही. जातींपैकी कोशिहिकारी जास्त चिकट, सासानिशिकी त्यामानाने मोकळा. मसालेभात आणि फोडणीचा भात यात करू नका, शितं सुटत नाहीत. त्याला बासमतीच आणा.

राइस कुकरबरोबर येणारा कप १८० मिलीचा असतो, त्याला 'गो' म्हणतात. एका गोत साधारण १५० ग्रॅम तांदूळ बसतो. भांड्याच्या आतल्या रेघा या मापाच्या आहेत, आपल्या वाटीने तांदूळ घालून रेघेपर्यंत पाणी भरलं की भात बिघडणारच. धुऊन अर्धा तास भिजवायचा, एका गोला २०० मिली पाणी. पिशवीवर 'मुसेनमाइ' असेल तर तो न धुता लावायचा तांदूळ. वरचा कोंडा आधीच काढलेला असल्याने त्याच कपात दाणे जास्त बसतात, म्हणून गोमागे एक-दोन चमचे पाणी वाढवा. 'मोचीगोमे' हा अतिचिकट तांदूळ चुकून आणलात तर भात न होता गोळा होईल.

कणीक हा खरा त्रास. 'हाकुरिकिको' म्हणजे केकचा मैदा, 'क्योरिकिको' पावाचा मैदा, 'झेनर्यूफुन' अख्ख्या गव्हाचं पीठ. शेवटचं नाव वाचून लोक खूश होतात आणि पोळ्या वातड होतात. ते बहुधा पावाच्या कडक गव्हाचं आणि रोलरवर दळलेलं असतं. आपल्या चक्कीच्या दगडात गव्हातला स्टार्च भरडला जातो, त्यामुळे कणीक भरपूर पाणी पिते आणि पोळी मऊ राहते. रोलरच्या पिठात ते होत नाही, वर ग्लुटेन ताणखोर, म्हणून लाटलेली पोळी परत आखडते. अडीअडचणीला २०० ग्रॅम झेनर्यूफुन, १०० ग्रॅम हाकुरिकिको, चमचाभर तेल आणि कोमट पाणी १८० मिलीच्या आसपास. भिजवून किमान ४० मिनिटं झाकून ठेवा. चालतं. पण रोजच्यासाठी भारतीय दुकानातला आटाच घ्या, इथे हट्ट करण्यात अर्थ नाही.

आता गॅस. घरगुती जपानी शेगडीच्या प्रत्येक बर्नरच्या मध्ये स्प्रिंगवर एक बोंडूक असतं, तो तापमानाचा सेन्सर. २००८ पासून तो सक्तीचा आहे. कोरडा तवा २५० अंशांच्या आसपास गेला की ज्योत आपोआप बारीक होते, आणि नेमकी भाकरी टाकायच्या वेळी. शेगडी बिघडलेली नाही. बटणांत 'कोओन' किंवा 'आबुरी' लिहिलेलं एक असतं, ते तीन सेकंद दाबून धरलं की मर्यादा वाढते. काही मॉडेलांत भांडं उचललं की ज्योत मंदावते, म्हणून फुलका थेट आचेवर फुगत नाही. त्यावर उपाय शेगडीतच आहे: मासे भाजायचा खण. तीन मिनिटं तापू द्या, अर्धवट शेकलेला फुलका जाळीवर ठेवा, अर्ध्या मिनिटात टम्म. पापडही तिथेच, पण नजर हलवू नका. भरताची वांगीसुद्धा. जपानी वांगं ८०-१०० ग्रॅमचंच असतं, दोघांना सहा-सात लागतात. काट्याने टोचून १२ ते १५ मिनिटं, मध्ये एकदा उलटायची. धूर खोलीत न होता साल कोळशासारखी निघते. आमच्या मते त्या सबंध शेगडीत कामाचा भाग हाच.

कांदालसूण:
'जपानी जेवण फिकं' हे निम्मं खरं. आपली चव फोडणीतून येते, तेलात उतरलेला वास आधी नाकात, मग तोंडात. दाशीत, म्हणजे समुद्रशेवाळ आणि सुक्या माशाच्या तिथल्या मूळ रश्शात, तेलच नाही. तिची चव घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला राहते. किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्रशेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. कात्सुओबुशीत, म्हणजे वाळवून धुरावलेल्या माशाच्या किसात, इनोसिनेट असतं; दोन्ही एकत्र आले की चव बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते.

शाकाहारी मंडळींसाठी मुद्दा असा की सुक्या शीताके अळंब्यातलं ग्वानिलेट हेच काम करतं. बौद्ध मठांतलं शाकाहारी जेवण शोजिन र्‍योरी याच दाशीवर उभं आहे. एक लिटर पाणी, १० ग्रॅम कोंबू, तीन-चार सुकी शीताके, रात्रभर फ्रिजमध्ये. कोंबूवरची पांढरी पूड म्हणजे बुरशी नव्हे, धुऊ नका, ओल्या फडक्याने नुसतं पुसा. सकाळी अळंबी काढा, मंद आचेवर ठेवा, तळाशी बारीक बुडबुडे दिसले की उकळी यायच्या आत कोंबू बाहेर. राहिला तर पाणी बुळबुळीत होतं आणि समुद्राचा उग्र वास सुटतो. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) २०० मिलीला सपाट मोठा चमचाभर, तोही गॅस बंद करून, गाळणीत घासून. उकळलात तर वास गेला. दुकानात 'दाशी-इरी' मिसो टाळा, त्यात माशाची दाशी आधीच कालवलेली असते.

ॲलर्जीच्या चौकटीवर विसंबू नका. दूध, अंडं, गहू, कोळंबी, खेकडा अशी नावं तिथे येतात, पण कात्सुओ त्या यादीतच नाही. खालची घटकांची बारीक ओळ वाचायची, फोनच्या कॅमेऱ्याने: 'कात्सुओ', 'ग्योकाइ एकिसु' (मासळीचा अर्क), 'ग्यूशी' (गाईची चरबी), 'तोंशी' (डुकराची चरबी), 'झेराचिन' (जिलेटिन). करीच्या तयार वड्यांत ग्यूशी आणि तोंशी सर्रास असतात, पाकिटावर गाजर-बटाट्याचं चित्र असलं तरी.

बाहेर: सोबा आणि उदोन या नूडल्सचा रस्सा जवळजवळ नेहमीच माशाचा. इनारी सुशीचं तोफूचं पाकीटही बहुधा दाशीत शिजवलेलं. काकडीची कप्पामाकी चालते. तेंपुरा भाज्यांचा मागवला तरी कढई कोळंबीचीच असते, आणि बुडवायच्या पाण्यात दाशी. कढई चालत असेल तर सोबत मीठ मागा, 'शिओ दे'. नुसतं 'बेजितारियन' म्हटलंत तर वरचं मांस उचलून तीच थाळी पुढे येते, त्यात कुणाची लबाडी नाही, दाशी त्यांच्या हिशेबी मासा नाहीच. म्हणायचं असं: 'निकु तो साकाना ओ ताबेमासेन. दाशी मो ताबेरारेमासेन.'

कौतुक उगाच कशाचं? मला विचाराल तर मऊ किनुगोशी तोफूचं. त्याला आपल्या रश्शात घालून 'पनीर' म्हणणं तर पापच, चमचा लागताच विरघळतो. आत्सुआगे घ्या, तळलेला जाड तोफू. उकळतं पाणी ओतून वरचं तेल काढा, तुकडे करा, रस्सा आत शिरतो आणि आकार टिकतो.

लाल_रस्सा:
वरच्या प्रतिसादात गोडाचा उल्लेखच नाही! फिकेपणाची सवय होते, पण भोपळा गोड, बटाटा गोड, मासा गोड, आम्लेटसुद्धा गोड. मिरिन (स्वयंपाकाची गोड तांदळाची दारू) आणि साखर सगळीकडे. गूळ घातलेल्या आमटीवर वाढलेल्यांना निमोनो, म्हणजे दाशीत मंद शिजवलेले पदार्थ, लगेच आवडतात, कोल्हापूर-खानदेशवाल्यांनी सोय करून ठेवावी. शिचिमी तोगाराशी नावाची सात जिनसांची पूड टेबलावर असते, पण मिरची त्यात एक वाटेकरी. तिखटासाठी 'इचिमी' मागा, ती नुसती मिरची. आणि शिशितो म्हणजे आपली मिरची समजून ठेचा करू नका, ती भाजीची. ठेच्याला 'आओतोगाराशी', उन्हाळ्यात मिळते, एकदम विकत घेऊन फ्रीझरला टाका. पीठ पेरून भाजीला मात्र तिथली छोटी पिमान आपल्या ढोबळीपेक्षा सरस, साल पातळ आणि पाणी कमी.

नात्तो (आंबवलेलं चिकट सोयाबीन): आवडायलाच हवा असा काही नियम नाही. गरम भातावर घातला की वास दुप्पट, हे कुणी सांगत नाही. भात कोमट होऊ द्या, नात्तो फ्रिजमधून काढलेला थंड, सॉस घालण्याआधी तीसएक वेळा घोटा, वर बारीक कांदा. तरी नाही जमलं तर सोडून द्या.

तिरफळ:
मासे खाणाऱ्या बाईंसाठी. बांगडा म्हणून 'साबा' घ्याल, पण तो बांगड्याचा चुलतभाऊ, तेल बरंच जास्त. कालवणात तवंग येतो, म्हणून नारळ कमी, चिंच जास्त. 'शिओ-साबा' लिहिलेला आधीच खारवलेला असतो, त्याला मीठ चोळलंत तर ताट बाजूला सारावं लागेल. तो नुसता तिखट-हळद लावून त्या खणात भाजा. 'इवाशी' म्हणजे तारली, स्वस्त आणि फार चांगली. 'ताचिउओ' आपल्या बळ्यासारखी, तुकड्या रव्यात घोळवून तळा.

आणि खास गोष्ट: जपानी सान्शो आणि आपलं तिरफळ एकाच कुळातले, दोन्ही झँथोझायलम. मे-जूनमध्ये हिरवे दाणे मिळतात, 'मि-झान्शो'. बांगड्याच्या तिखल्यात घालता येतात. तिरफळापेक्षा जीभ जास्त बधिर करतात, म्हणून सात-आठ तिरफळांच्या जागी चार-पाच दाणे, आणि ठेचू नका, अख्खेच. बाटलीतली सान्शो पूड या कामाची नाही, ती वरून भुरभुरायची. रश्शात उकळली की कडवटते.

तिसऱ्या हव्यात तर 'आसारी'. वाळू काढायची पद्धत मात्र त्यांचीच वापरा. लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम मीठ, शिंपल्या पसरट भांड्यात एका थरात, पाणी जेमतेम वर येईल इतकंच, वरून कागद झाकून अंधार. दोन-तीन तास. शिंपल्या नळ्या बाहेर काढून पाण्याच्या चिळकांड्या मारतात, ओटा ओला होतो तो त्यामुळेच. मीठ कमी पडलं तर तोंडच उघडत नाहीत आणि सुक्क्यात कचकच येते. मग पाण्याबाहेर अर्धा तास ठेवा, पोटातलं खारट पाणी टाकतात. तरीही मसाल्यात मीठ शेवटी, चाखून.

जवळ्याला 'होशि-आमी' बघा. साकुरा-एबी सुरेख, सुरुगा उपसागरातली, पण महाग. ती चटणीत कुटणं जिवावर येतं. सुका बोंबील जपानी सुपरमार्केटात मिळत नाही.

गोडामसाला:
खण सापडला, नवीन घराच्या फोटोत दिसतोय! दोन गोष्टी राहिल्या. दही कसं लावायचं? आणि उकडीच्या मोदकांचं पीठ इथून न्यायचं का?

भाकरतुकडा:
पीठ नेऊ नका ताई. 'जोशिनको' घ्या, ते तिथल्या रोजच्या भाताच्या तांदळाचंच पीठ, कळ्या पाडायला छान. एक वाटी पाणी, एक वाटी पीठ, चिमूट मीठ, चमचाभर लोणी, वाफ आली की गरम असतानाच मळायचं. कळ्यांना चिरा पडत असतील तर दहाला एक या प्रमाणात शिरातामाको (मोचीगोमेचं पीठ) मिसळा. फक्त 'मोचिको' आणि शिरातामाकोच्या पिशव्या शेजारीच असतात आणि पीठ तितकंच पांढरं. नुसत्या त्या पिठाचे मोदक मोदकपात्रात दहा मिनिटांत बसतात, झाकण काढल्यावर एकच सपाट पोळी आणि मध्ये सारण. तांदळाच्या भाकरीलाही जोशिनकोच, उकड काढून.

दह्याला 'ग्यून्यू' लिहिलेलं पूर्ण दूध, कमी स्निग्धांशाचं नको. विरजण साध्या प्लेन योगर्टचं, लिटरला दोन चमचे, दूध ४०-४३ अंशांना, सहा-आठ तास. थंडीत कुकरमध्ये कोमट पाणी ठेवून आत भांडं बसवा. 'कास्पिकाइ' योगर्टचं विरजण लावू नका, ते घरच्या गारव्यातही लागतं खरं, पण तार सुटते आणि कढी बुळबुळीत होते. दूध होमोजिनाइझ्ड असल्याने जाड साय धरत नाही, म्हणून लोण्याची आशा सोडा. तुपासाठी बिनमिठाचं बटर, 'शोकुएन फुशियो'. २०० ग्रॅममधून साधारण १६० ग्रॅम तूप.

तिरफळ:
बॅगेचं राहिलं. गोडा मसाला, कोकम, हिंग, मेतकूट, ज्वारी-बाजरीचं पीठ आणि भाकरीचा लोखंडी तवा न्या, पण घरात इंडक्शन आहे का आधी बघा, खोलगट बुडाचा तवा तिथे तापत नाही. ताजा कढीपत्ता, मिरच्या, आंबे नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. पाकिटातलं सुकं मटण, सॉसेज वगैरे तर अजिबात नको.

लाल_रस्सा:
आणि कांदा-लसूण मसाला डबल पॅक करा. बॅगेत सांडला की तीन वर्षं कपड्यांना वास येतो.