गोव्यात कामाला जाणाऱ्या सांगली-साताऱ्याच्या माणसानं कोकणी शिकावी कशी?

कृष्णाकाठ (सांगली):
कोकणी वेगळी शिकायची गरजच नाही, असं माझं ठाम मत आहे. पाणी म्हणजे उदक, आज म्हणजे आयज, उद्या म्हणजे फाल्यां, मूल म्हणजे भुरगें. असे शंभर-दीडशे शब्द पाठ केले की उरलेली मराठीच. घोड्याचा घोडो, आंब्याचा आंबो, इतकाच काय तो फरक.

मिरजेहून:
अजिबात पटलं नाही. 'भुरगें' कळलं नाही तर माणूस विचारतो, तिथं घोटाळा होत नाही. घात करतो तो ओळखीचा वाटणारा शब्द. 'पळय' म्हणजे बघ, आपल्याला ऐकू येतं पळ. आपल्याकडं शितावरून भाताची परीक्षा, म्हणजे शीत हा एक दाणा; तिकडं 'शीत' म्हणजे ताटातला सगळा भात. 'म्हाका शीत जाय' म्हणजे मला भात पाहिजे. 'जाय'चा जाण्याशी संबंध नाही. 'नाका' म्हणजे नको. आणि सगळ्यात वाईट, 'हाड' म्हणजे आण! 'उदक हाड' असं कुणी म्हटलं तर कुत्र्याला हाकलल्यागत वाटून आपला माणूस उगाच रागावेल. हे शब्द आधी, बाकीचे शंभर नंतर.

वाईकर:
पण परके शब्द तरी किती परके? उदक आपण 'उदक सोडणं' यात सांभाळलंय. रांदप म्हणजे आपलं रांधणं, बायल म्हणजे जुन्या मराठीतली बाईल. पाठांतरापेक्षा हे धागे जोडले तर शब्द डोक्यात राहतो. सोबत दोन नियम घ्या: क्रियापदाचं मूळ रूप 'प'नं संपतं (करप म्हणजे करणं, न्हिदप म्हणजे झोपणं), आणि नकाराचा 'ना' क्रियापदालाच चिकटतो. 'हांव वचना' म्हणजे मी जात नाही.

मिरजेहून:
वाईकर, धागे जोडतानाच तर पाय घसरतो. वचप म्हणजे जाणं, वाचप म्हणजे वाचणं. एका कान्याचा फरक.

माणदेशी:
एवढा काथ्याकूट कशाला? मालवणी कानावर असली की झालं. शेवटी कोकणी मराठीचीच बोली ना?

मिरजेहून:
बोली म्हणून सोडून देऊ नका. साहित्य अकादमीनं १९७५ साली कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानलं, १९९२ च्या ७१ व्या घटनादुरुस्तीनं ती आठव्या अनुसूचीत आली. मालवणीचा पूलही अर्ध्यावरच संपतो. तिकडं 'माका व्हया', गोव्यात 'म्हाका जाय'. तिकडं 'मी', इकडं 'हांव'. शिवाय खुर्चीला कदेल आणि खिडकीला जनेल हे पोर्तुगीजातून आलेले शब्द. ते कुठल्याच नियमानं काढता येत नाहीत, पाठच करावे लागतात.

कृष्णाकाठ (सांगली):
म्हणजे पाठांतर लागतंच, मी तेच म्हणत होतो. फक्त क्रम बदलतो. हाड, जाय, नाका, पळय, शीत हे वर घेतो. 'प'चा नियम मात्र मागंच ठेवणार. दुकानात 'हाडप' कुणी म्हणत नाही, 'हाड'च म्हणतात.