लातूरला चेलो: माप, उन्हाळा आणि पुढची वाट

मांजराकाठ:
लेक ११ वर्षांची, उंची ४ फूट ७ इंच. चेलो (बसून गजानं वाजवायचं मोठं तंतुवाद्य) शिकते. पुण्याच्या सरांचा आठवड्याला ऑनलाइन तास, महिन्यातून एकदा समोर. भाड्याचा अर्ध्या मापाचा चेलो आता परत करायचाय. घरचे म्हणतात, एकदाच पूर्ण मापाचा घेऊन टाका, वाढत्या अंगाला पुरेल. दुसरं, मार्च लागला की खुंट्या घसरतात, सूर टिकत नाही. आणि तिला यातच पुढं जायचंय, तर ग्रेड (टप्प्याटप्प्याच्या संगीत परीक्षा) भराभर उरकाव्यात का? जाणकारांनी सांगावं.

घोडीवाला:
ताई, पूर्ण मापाचा नकोच. कपडे वाढत्या अंगाचे शिवतात, वाद्य नाही. पूर्ण मापात तारेची वाजती लांबी सुमारे ६९ सेंमी, पाऊण मापात ६२ च्या आसपास. पहिल्या पोझिशनला (हात मानेच्या वरच्या टोकाशी) पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत मोठ्या चेलोवर जवळपास १० सेंमी पडतात, पाऊणवर ९ च्या आत. एवढं एकवेळ निभेल. पण ए तारेवर (जाडीकडून बारीककडं तारा सी, जी, डी, ए) पहिलं बोट मागं ताणून बी फ्लॅट हा स्वर घ्यायचा झाला की तेच अंतर १३ सेंमीच्या वर जातं. मग लेकरू मनगट मोडतं, अंगठ्यानं चेलोची मान आवळून धरतं, आणि ती खोड पुढं सोडवता सुटत नाही.

साडेचार ते पाच फूट उंचीला साधारण पाऊण माप बसतं. तरी बसवून बघा: तळवे जमिनीला टेकलेले, चेलोच्या पाठीची वरची कड छातीच्या हाडाला लागलेली, सी तारेची खुंटी डाव्या कानाच्या मागं. खुर्ची हातांची नको, गज अडतो. आपल्याकडं शहाबादी फरशी, त्यावर एंडपिनचं (चेलोच्या तळाची टेकायची सळई) रबर सर्रास सरकतं. नवारीची पट्टी खुर्चीच्या पुढच्या दोन्ही पायांना बांधा आणि टोक तिच्या मध्यावर अडकवा.

कोरडवाहू:
खुंट्यांना दोष देऊ नका, हवा तशी आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी हवेत ओल नावालाही नसते. लाकूड आकसतं, खुंटी सैल होते. पावसाळ्यात उलट, फुगून रुतते. वाद्याला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. स्वस्तातला आर्द्रतामापक घ्या, केसमध्ये भोकं पाडलेल्या डबीत घट्ट पिळलेला ओला स्पंज ठेवा. (लातूरच्या पाणीटंचाईतही तेवढं पाणी निघतं!) कूलर चालू असला तरी झोतासमोर वाद्य नको.

खुंटी आत दाबतच फिरवायची. नुसती फिरवली तर उलटणारच. बारीक फरक टेलपीसवरच्या (तारांची खालची टोकं अडकवलेली पट्टी) स्क्रूनं काढा. खुंट्या सारख्या पिळल्या की घोडीचं (तारा तोलणारी उभी लाकडी पट्टी) डोकं हळूहळू बोटपट्टीकडं झुकतं. आठवड्यातून एकदा बाजूनं डोळा लावून बघा. टेलपीसकडची तिची बाजू वरच्या फळीशी काटकोनात हवी. झुकली असेल तर तारा किंचित सैल करून दोन्ही हातांनी धरून मागं घ्या. दुर्लक्ष केलं तर एक दिवस धाडकन आडवी होते आणि आतली साउंडपोस्टही (फळीला आधार देणारी लाकडी काडी) निसटू शकते. साउंडपोस्ट पडली तर लगेच सगळ्या तारा पूर्ण सैल करा. आधार नसताना ताण राहिला की फळी खचते. तारा बदलतानाही चारी एकदम काढू नका, एकेक बदला. आणि पाऊण मापाची जादा ए तार घरात असू द्या, लातूर-नांदेडात ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका.

सुरात_राहा:
रियाजाचं. या वयात एका दमात दोन तास बसवण्यापेक्षा २५ मिनिटांच्या दोन-तीन बैठका बऱ्या. पहिली दहा मिनिटं फक्त मोकळ्या तारा, समोर आरसा, गज घोडीला समांतर. मग तानपुरा ॲप डीवर लावून डी मेजर सप्तक: डी तारेवर ०-१-३-४, मग ए तारेवर ०-१-३-४ (० म्हणजे मोकळी तार, बाकी बोटांचे आकडे).

सूर तपासायला ट्यूनरकडं बघत बसू नये. डी तारेवर करंगळीनं जी हा स्वर घ्या. बरोबर लागला तर शेजारची मोकळी जी तार हात न लावता थरथरते, डोळ्यांना दिसते. जरा चुकला की ती गप्प. ए तारेवरच्या डीचंही तसंच.

ऑनलाइन तासाला झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, नाहीतर लांब स्वर ॲपला गोंगाट वाटतो आणि ते तो दाबून टाकतं. सरांना भलताच आवाज ऐकू जातो आणि दुरुस्तीही भलतीच होते.

लांबची_वाट:
ग्रेड घ्या, पण त्यांच्यामागं धावू नका. एबीआरएसएममध्ये (ग्रेड परीक्षा घेणारी ब्रिटिश संस्था) १५० पैकी १०० ला पास, १२० ला मेरिट, १३० ला डिस्टिंक्शन. त्यांच्या परफॉर्मन्स ग्रेडला चार रचना सलग वाजवून, मध्ये न कापता व्हिडिओ पाठवायचा, म्हणजे परीक्षेसाठी पुणे गाठायला नको. सहाव्या ग्रेडच्या आधी पाचव्या ग्रेडची थिअरी (संगीतशास्त्राची परीक्षा) हवी. ट्रिनिटी या दुसऱ्या परीक्षा-संस्थेत ती अट नाही.

घोळ होतो तो वर्षभर त्याच तीन-चार रचना घोटण्यानं. मधल्या काळात डोट्झाउअरचे एट्यूड (सरावाच्या रचना), ब्रेव्हालचा सी मेजर सोनाटा, चौथी पोझिशन पक्की, मग थंब पोझिशन (अंगठा तारेवर ठेवून वरचे स्वर घेणं), मग पॉपरचे एट्यूड. कॉन्झर्व्हेटरीच्या (संगीत महाविद्यालय) ऑडिशनला बहुधा बाखच्या एकल चेलोच्या स्वीटमधला भाग, एक एट्यूड आणि कॉन्चेर्टोतला (ऑर्केस्ट्रासोबतची रचना) एक भाग मागतात. आठवी ग्रेड हातात असूनही थंब पोझिशन कच्ची असेल तर हायडनचा सी मेजर कॉन्चेर्टो तिथंच उघडं पाडतो. सरही सारखे बदलू नका. प्रसिद्ध इंग्लिश चेलोवादक जॅकलिन द्यु प्रे दहाव्या वर्षी विल्यम प्लीथ या गुरूंकडं गेली आणि १९६१ मध्ये, सोळाव्या वर्षी, लंडनच्या विग्मोर हॉलला उभी राहिली. मधली घडण मुख्यतः त्यांचीच. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा हंगाम असेल तेव्हा एखादी मैफल ऐकवा, पण बसायला चेलोच्या बाजूला.

मांजराकाठ:
सगळ्यांचे आभार. भाड्याच्या चेलोच्या खालच्या कडेला केसाएवढी फट दिसतेय, सी तार वाजवली की झर्रर्र होतं. परत करण्याआधी फेविकॉल लावू का?

घोडीवाला:
अजिबात नको! तिथं सरस नावाचा गोंद असतो, तो मुद्दाम असा की गरम पाण्यानं सुटावा. फेविकॉल बसला की पुढचा कारागीर सांधा उघडताना लाकूडच सोलून निघतं. बोटाच्या पेरानं कडेकडेनं टकटक करा. सुटलेल्या जागी आवाज पोकळ, खडखडीत येतो. तेवढ्या भागाच्या बाजूला खूण म्हणून कागदाची चिठ्ठी ठेवून फोटो काढा आणि मालकाला आजच पाठवा. चिकटपट्टी लावू नका, वॉर्निश निघतं. तारा अर्धा-एक सूर उतरवून ठेवा आणि वाजवणं थांबवा. पुण्याला नेताना एसटीच्या डिकीत टाकू नका, वाद्याचं वेगळं तिकीट काढून सीटवर उभं बांधा, एंडपिन आत ढकलून.