फायबरचे किलोमीटर पूर्ण, तरी टोकाला इंटरनेट नाही: सरकारी पैसा कुठे अडतो?

कच्चा_आराखडा:
वेगवेगळ्या देशांची आयसीटी (माहिती आणि संचार तंत्रज्ञान) धोरणं वाचतोय. सगळीकडे पहिलं उद्दिष्ट एकच, अमुक इतके किलोमीटर फायबर. किलोमीटर भरतात, फीत कापली जाते, आणि काही दिवसांत टोकाचे डबे बंद. पैसा नेमका कशावर लावायला हवा?

सांधेजोड:
केबल टाकणं सोपं. ती टिकवायची तरतूद निविदेत नसते, घोडं तिथे अडतं. हिशोबच करू. जीपॉन म्हणजे एकच फायबर वाटेत वाटून अनेक जोडण्यांना देण्याची पद्धत. तिच्या बी प्लस वर्गाला २८ डीबी (डेसिबल) लॉस, म्हणजे वाटेत प्रकाशाची एवढी घट, चालते. लाइन १२ किमी, १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला किमीमागे ०.३५, झाले ४.२. एकास ३२ चा स्प्लिटर (प्रकाश ३२ वाटांत वाटणारा) १७.५. चार कनेक्टर २. दहा सांधे, ०.१ प्रमाणे १. एकूण २४.७, हाती उरले ३.३.

आता जेसीबीने केबल तोडली. ताण बसलेली टोकं छाटून मध्ये नवा तुकडा घालावा लागतो, म्हणजे एका तुटीला दोन सांधे. क्लीव्हरचं (फायबर कापायच्या हत्याराचं) पातं झिजलेलं आणि उघड्यावर धूळ, तर ०.१ चा सांधा ०.३ चा होतो. अशा पाच तुटींत ३ डीबी गेले. लाइन कागदावर चालू असते, पण कनेक्टरवर जरा धूळ बसली की ओएनटीचा (टोकाच्या डब्याचा) लाल दिवा लुकलुकायला लागतो. मग सगळे ओएनटी बदलत बसतात, दोष सांध्यात असतो!

म्हणून काम ताब्यात घेताना केबलमधल्या प्रत्येक कोअरचा (तंतूचा) ओटीडीआर ट्रेस, म्हणजे कुठे किती प्रकाश गळतो त्याचा आलेख, घ्या, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा. सोबत एक डक्ट (केबल ओढायची नळी) रिकामा टाका. खोदाईच्या खर्चापुढे त्याची किंमत किरकोळ. आणि हो, जीपॉन लाइनला वाटेत वीज लागत नाही, टोकाच्या डब्याला लागते. बॅटरीची तरतूद हमखास राहते.

बीजीपी_भाऊ:
लाइन धडधाकट असली तरी ट्रॅफिक जातं कुठून ते बघा. एकाच शहरातल्या दोन आयएसपींचा (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांचा) डेटा परदेशी फेरी मारून येत असेल तर दोघेही महागडी आंतरराष्ट्रीय बँडविड्थ घरच्या घरी जाळतायत. त्यावर उपाय एक्स्चेंज, म्हणजे आयएसपी एकमेकांना थेट डेटा देतात ती सामायिक जागा. सुरुवातीला सगळ्यांना जोडणारा एक इथरनेट स्विच, कुठला डेटा कुणाकडे जातो ते सांगणारा राउट सर्व्हर आणि कुठल्याही आयएसपीच्या मालकीची नसलेली जागा एवढ्यावर भागतं.

अडचण यंत्राची नसते, परवान्याची असते. केनियात आयएसपींनी २००० मध्ये असं एक्स्चेंज सुरू केलं, पण आंतरराष्ट्रीय ट्रॅफिकची मक्तेदारी असलेल्या कंपनीने तक्रार केली आणि नियामकाने ते बंद पाडलं. पुन्हा सुरू व्हायला २००२ उजाडलं. तेव्हा तिथे समुद्री केबल नव्हती, सगळं उपग्रहावरून, म्हणजे एका फेरीला अर्ध्या सेकंदाहून जास्त. नियमातली एक ओळ काही कोटींच्या केबलपेक्षा जास्त काम करते, ती अशी.

कच्चा_आराखडा:
पण ग्रामीण भागात आयएसपी जायलाच तयार नसेल तर? सार्वत्रिक सेवा निधी असतोच की.

निधी_निरीक्षक:
निधी असतो, तो देण्याची पद्धत चुकते. कंपन्यांच्या महसुलावर टक्केवारीने गोळा होतो आणि तिजोरीत पडून राहतो, नाहीतर यंत्र बसवल्याबरोबर पूर्ण रक्कम दिली जाते. मग ते चालू ठेवण्यात कुणाला रस? चिलीने १९९० च्या दशकात ग्रामीण फोनसाठी उलटा लिलाव केला: जो सर्वांत कमी अनुदान मागेल त्याला काम. पद्धत चांगली, पण बोली फार खाली गेली की ठेकेदार देखभालीत काटकसर करतो. त्यामुळे अनुदानाचा मोठा हिस्सा मागे ठेवून तिमाहीला, सेवा चालू असल्याच्या नोंदीवर द्यावा.

मागणीही लागतेच. एस्टोनियाची एक्स-रोड, म्हणजे सरकारी खात्यांमधली डेटा देवाणघेवाणीची यंत्रणा, २००१ पासून चालू आहे. डेटा एका ठिकाणी गोळा केला नाही, प्रत्येक खात्याची नोंद त्याच्याकडेच राहिली आणि खाती एकमेकांना सुरक्षित मार्गाने विचारू लागली. हेलपाटे वाचले की लोक आपणहून लाइन घेतात.

सांधेजोड:
तिमाही हप्त्याबद्दल एक पुस्ती: नोंद ठेकेदाराच्या एक्सेलमधून घेऊ नका. ओएलटी (कंपनीच्या टोकाचं यंत्र) दर काही मिनिटांनी प्रत्येक ओएनटीची रिसीव्ह पॉवर (पोचलेल्या प्रकाशाची ताकद, डीबीएममध्ये) देतो, ती थेट नियामकाच्या सर्व्हरवर जाऊ द्या. -२४ वरून -२६ डीबीएमकडे घसरणारा आकडा लाइन पडायच्या आधीच दिसतो.